पेपर निगेटिव्ह: आकाश पांढरंफटक आणि सावल्या काळ्याठिक्कर येतात तेव्हा

लक्षण ठरलेलं असतं. ४×५ इंची कॅमेऱ्यात फिल्मऐवजी छपाईचा आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) मल्टिग्रेड (फिल्टरने काँट्रास्ट बदलता येणारा) कागद लावला, मीटर आयएसओ ६ वर ठेवून एक्स्पोजर दिलं, डेव्हलपर नेहमीच्या ताकदीचा. ट्रेमध्ये निगेटिव्ह झकास दिसते. कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह दुसऱ्या कागदावर दाबून काढलेली प्रिंट) काढली की ओसरीच्या आत मिट्ट काळोख, उन्हातली चुन्याची भिंत सपाट पांढरी, आकाश कोरं आणि जांभ्याचा गडगा डांबर फासल्यासारखा. मग कोणी सांगतं डेव्हलपर पातळ कर, कोणी सांगतं प्रीफ्लॅश (फोटोआधी कागदाला थोडासा सारखा प्रकाश) दे, कोणी पिवळा फिल्टर. तिन्ही एकदम केले जातात, निगेटिव्हचा राखाडी चिखल होतो आणि कशामुळे काय झालं ते कळायची सोय राहत नाही.

हे तिन्ही उपाय वेगवेगळ्या जागी लागू पडतात. प्रीफ्लॅश सावलीच्या टोकाला, पातळ डेव्हलपर उन्हाच्या टोकाला, आणि पिवळा फिल्टर एकूण चढावर (काळ्या-पांढऱ्यातल्या कडकपणावर) व निळ्या रंगावर. त्यामुळे आधी कुठलं टोक तुटलंय ते बघायचं, मग एकच उपाय लावायचा. (खाली ‘सावली’, ‘आकाश’ म्हटलं आहे ते दृश्यातलं. निगेटिव्हवर ते उलटं दिसणार हे धरून चला.)

निदान: निगेटिव्ह उजेडासमोर धरा

बहुतेक चुका इथेच होतात. ट्रेमध्ये किंवा टेबलावर ठेवून पाहिलेली निगेटिव्ह परावर्तित उजेडात दिसते. तो उजेड लेपातून (कागदावरच्या चांदीच्या थरातून) आत जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा लेपातूनच बाहेर येतो, म्हणजे चांदीला दोनदा भेटतो. कॉन्टॅक्ट प्रिंट काढताना मात्र उजेड एकदाच आरपार जातो. म्हणून टेबलावर भरगच्च दिसणारी निगेटिव्ह प्रिंटिंगला पातळ ठरू शकते, आणि टेबलावर ‘आकाश पार काळं झालं’ असं वाटतं तिथे आरपार पाहिल्यावर ढग सापडू शकतात.

वाळलेली निगेटिव्ह खिडकीच्या काचेला किंवा लाइटबॉक्सवर लावा आणि दोनच गोष्टी बघा. ओसरीच्या आतल्या भागात काही तपशील आहे का, की कोरा कागद आहे? कोरा असेल तर सावलीचं टोक तुटलंय. आकाश आणि पांढरी भिंत यांच्या काळेपणात फरक दिसतो का? दिसत नसेल तर उन्हाचं टोक. दोन्ही तुटली असतील तर आधी सावली दुरुस्त करा. जी चांदी निगेटिव्हवर आलीच नाही ती प्रिंटिंगमध्ये कुठूनही आणता येत नाही. उन्हाच्या टोकाला जास्त एक्स्पोजर देऊन थोडंफार तरी उपसता येतं.

कॉन्टॅक्ट न काढता स्कॅन करणार असाल तर हिशोब उलटा आहे. स्कॅनर परावर्तित उजेडात बघतो, त्यामुळे टेबलावर किंचित फिकी वाटणारी निगेटिव्हच त्याला मानवते. एकच निगेटिव्ह दोन्ही कामांना उत्तम, असं क्वचित जमतं. कशासाठी काढतोय ते आधी ठरवा. स्कॅन १६ बिट ग्रेस्केलमध्ये, ऑटो दुरुस्त्या बंद ठेवून करा. नंतर इन्व्हर्ट करा आणि चित्र आडवं उलटवायला विसरू नका, कारण लेपाच्या बाजूने पाहिलेली निगेटिव्ह आरशातल्यासारखी असते.

कागद इतका कडक का

छपाईचा कागद निगेटिव्हवरून चित्र उतरवायला बनवलेला आहे, भर उन्हातलं अंगण टिपायला नाही. ग्रेड २ चा कागद (ग्रेड म्हणजे कडकपणाचा आकडा, कमी तितका सौम्य) साधारण पावणेचार स्टॉपचा पल्ला सांभाळतो; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. ग्रेड ०० वर मल्टिग्रेड कागद सहा स्टॉपपर्यंत जातो. उन्हातली पांढरी भिंत आणि ओसरीच्या आतला कोपरा यांत सात-आठ स्टॉपचं अंतर सहज असतं.

दुसरं कारण रंगाचं. मल्टिग्रेडच्या लेपात दोन-तीन प्रकारची इमल्शनं मिसळलेली असतात. निळ्या प्रकाशाला ती सगळी सारखीच जागी होतात, त्यामुळे चढ एकदम उभा, म्हणजे कडक. हिरव्या प्रकाशाला मात्र ती कमी-अधिक संवेदनशील असतात, एकामागोमाग एक काम करतात आणि चढ सौम्य होतो. एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून छापायच्या यंत्राच्या) पिवळट दिव्याखाली फिल्टरशिवाय हा कागद ग्रेड २ च्या आसपास वागतो. उघड्यावर निळा प्रकाश मुबलक असतो, त्यामुळे तोच कागद बराच कडक होतो. लाल तर त्याला दिसतच नाही. जांभा, विटा, कौलं, कोकणातली लाल माती, माणसाची त्वचा हे सगळं डोळ्याला दिसतं त्यापेक्षा गडद उतरतं. गडगा डांबरी होतो तो एक्स्पोजर चुकलं म्हणून होतोच असं नाही.

सावलीचं टोक: प्रीफ्लॅश

कागदाला जागं व्हायला किमान काही प्रकाश लागतो. त्याखालचा प्रकाश वाया जातो, आणि ओसरीच्या आतून येणारा उजेड नेमका त्याखालीच पडतो. प्रीफ्लॅश म्हणजे तो उंबरठा आधीच गाठून ठेवायचा. कागदाला सगळीकडे सारखा, पण डेव्हलप केल्यावर दिसणार नाही इतकाच प्रकाश द्यायचा. मग ओसरीतला थोडासा उजेडही कामी येतो. आकाशाला आधीच कितीतरी पट मिळालेलं असतं, त्यात या चिमूटभर प्रकाशाने काही बदलत नाही. प्रीफ्लॅशने आकाश सुधारत नाही अशी तक्रार असते. ते त्याचं कामच नव्हे.

किती द्यायचा ते पट्टी काढूनच ठरतं:

१. एन्लार्जरचं डोकं वर घ्या, निगेटिव्ह कॅरियर रिकामा, लेन्स एफ/१६ वर, ग्रेड ०० चा फिल्टर लावलेला.

२. कागदाची पट्टी ठेवून एक कड पुठ्ठ्याने पूर्ण झाका. ती कड शेवटपर्यंत उघडायची नाही. तोच तुमचा कोरा पांढरा.

३. उरलेल्या भागावर एक-एक सेकंदाच्या पायऱ्या द्या, १ ते ८.

४. निगेटिव्ह ज्या डेव्हलपरमध्ये, ज्या पातळपणात आणि जितका वेळ करणार आहात, त्यातच पट्टी करा. इथे वेगळं द्रावण वापरलं तर पट्टी निरुपयोगी.

५. फिक्स करा, धुवा, वाळवा, आणि मगच भरपूर उजेडात बघा. ओल्या पट्टीवर पहिली राखाडी पायरी दिसत नाही. वाळल्यावर ती अचानक दिसायला लागते.

समजा कोऱ्या कडेपेक्षा पहिला किंचित फरक चौथ्या सेकंदाला दिसला. मग प्रीफ्लॅश ३ सेकंद. दिव्याची उंची, लेन्सचं छिद्र आणि फिल्टर वहीत लिहून ठेवा. कागदाचं नवं पाकीट फोडलं की पट्टी पुन्हा काढायची. आठही पायऱ्या कोऱ्या आल्या तर छिद्र दोन स्टॉप उघडा. पहिल्याच सेकंदाला राखाडी आली तर दोन स्टॉप बंद करा. एक सेकंदाच्या खालचं फ्लॅश हाताने कधीच सारखं येत नाही.

प्रीफ्लॅश कागद होल्डरमध्ये (कॅमेऱ्यात कागद धरणाऱ्या चौकटीत) भरण्याआधी द्यायचा, एकदम सहा-आठ शीटना दिला तरी चालतो. कागद सपाट ठेवा. कड उचललेली असेल तर तिथे सावली पडते, आणि ती निगेटिव्हवर पट्ट्यासारखी उमटते.

प्रीफ्लॅश सुरू केल्यावर सगळं धुरकट झालं

हा याचा हमखास पुढचा भाग. दोष प्रीफ्लॅशला दिला जातो, गुन्हेगार सेफलाइट (डार्करूममधला मंद दिवा) असतो. कोऱ्या कागदाला सेफलाइटचा थोडा प्रकाश पचतो, कारण तो उंबरठ्याखाली राहतो. प्रीफ्लॅश दिलेला कागद उंबरठ्यावरच उभा आहे. त्याला तेवढाही पुरतो. इतकी वर्षं ‘सेफ’ वाटलेला दिवा इथे उघडा पडतो.

सेफलाइटची नाण्याची चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण ती कोऱ्या कागदावर केली जाते आणि म्हणून खोटी पास होते. प्रीफ्लॅश दिलेलं शीट घ्या आणि कापणे, भरणे, डेव्हलप करणे हे जिथे करता तिथेच ठेवा. त्यावर पाच रुपयांचं नाणं ठेवा आणि सात मिनिटं तसंच राहू द्या. मग नाणं काढून अंधारात डेव्हलप करा. वाळल्यावर नाण्याचा फिकट गोल दिसला तर दिवा दोषी. लांब हलवा, छताकडे तोंड करा, वॅट कमी करा, किंवा लाल फिल्टर लावा. बाजारात मिळणारे लाल एलईडी बल्ब चाचणीशिवाय वापरू नका. लाल दिसणारा प्रत्येक दिवा फक्त लालच प्रकाश देतो असं नसतं.

नाण्याचा गोल दिसत नाही आणि तरी धूर आहे? मग एक कोरं शीट पूर्ण अंधारात डेव्हलप करून फिक्स करा आणि दुसरं फक्त फिक्स करा. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पहिलं राखाडी असेल तर कागद जुना झालाय किंवा उष्णतेत राहिलाय. माळ्यावर दोन उन्हाळे काढलेलं पाकीट असं निघतं. दोन्ही सारखे पांढरे असतील तर होल्डरची फट किंवा बेलोजचं (लेन्सपासून होल्डरपर्यंतच्या घडीच्या पिशवीचं) भोक शोधा. अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च लावला की भोक लगेच चमकतं. कोपऱ्यांच्या घड्या आधी बघा.

पिवळा फिल्टर, आणि तो कुठे चालत नाही

उन्हाचं टोक तुटलं असेल आणि कागद मल्टिग्रेड असेल तर लेन्सवर मध्यम पिवळा फिल्टर (रॅटन ८ च्या जातीचा) लावा. तो निळा अडवतो आणि कागदाला हिरव्यावर काम करायला लावतो. चढ सौम्य होतो आणि निळं आकाश थोडं दबतं. पण किंमत मोजावी लागते. फिल्टरवर छापलेला फॅक्टर फिल्मसाठी असतो, कागदाला तो लागू नाही. सुरुवात आयएसओ १.५ धरून करा, म्हणजे ६ च्या मानाने दोन स्टॉप जास्त, आणि तिथून मागे-पुढे एकेक स्टॉपची शीट काढा.

फिक्स्ड ग्रेड (एकच ठरलेला कडकपणा असलेल्या) कागदावर हा उपाय वाया आहे. त्यातला बराचसा कागद फक्त निळा बघतो. पिवळा फिल्टर त्याचा सगळाच प्रकाश कापतो, एक्स्पोजर लांबतं आणि काँट्रास्ट आहे तिथेच राहतो. ‘पिवळा लावला, काही फरक पडला नाही’ असं ऐकलं की आधी पाकिटावर ग्रेड छापलाय का ते विचारावं.

लाल फिल्टरचा विचारही नको. डार्करूममध्ये सेफलाइट लाल का असतो ते आठवा.

डेव्हलपर

नेहमीची ताकद (डेव्हलपर आणि पाणी: डेक्टॉल १:२, मल्टिग्रेड डेव्हलपर १:९) प्रिंटला गडद काळा मिळावा म्हणून आहे. निगेटिव्हला तो काळा नको असतो. डेक्टॉल १:८, मल्टिग्रेड डेव्हलपर १:२० पासून सुरू करा, वेळ दोन ते तीन मिनिटं, ट्रे सतत हलता. ५०० मिलीमध्ये चार शीट झाली की द्रावण टाकून द्या. इतक्या पातळ द्रावणात दमच कमी असतो, पाचवं शीट चौथ्यासारखं येत नाही आणि मग दोष एक्स्पोजरला दिला जातो.

निगेटिव्ह काळी पडायला लागली म्हणून चाळीस सेकंदांत ओढून स्टॉप बाथमध्ये (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या द्रावणात) टाकणं ही सर्वात महागडी सवय आहे. सेफलाइटखाली सगळं आहे त्यापेक्षा काळं दिसतं. घाईने ओढलेल्या निगेटिव्हवर डाग आणि लाटा येतात, कारण डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचलेला नसतो. घड्याळ लावा आणि पूर्ण वेळ द्या. तरीही काळी येत असेल तर एक्स्पोजर कमी करा.

काही आरसी कागदांच्या लेपातच डेव्हलपर घातलेला असतो. ते पातळ द्रावणाला दाद देत नाहीत, वीस-तीस सेकंदांत भसकन उमटतात. अशा कागदावर वेळ घालवू नका. निगेटिव्हसाठी दुसरा कागद घ्या.

तापमानाबद्दल: सगळे आकडे २०° सेल्सिअसचे असतात आणि एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी ३०° च्या वर असतं. त्यात काँट्रास्टही चढतो, धूरही. ट्रे मोठ्या परातीत ठेवून भोवती पाणी घाला आणि पिशवीत बांधलेला बर्फ त्या पाण्यात सोडा. बर्फ थेट द्रावणात नको; वितळला की पातळपणाचा हिशोब गेला. २०° गाठायचा अट्टाहासही नको. २४° ला स्थिर राहणारं द्रावण २० वरून २६ वर सरकणाऱ्या द्रावणापेक्षा कितीतरी बरं. फक्त प्रीफ्लॅशची पट्टीही त्याच २४° ला काढा.

पुढचं नेहमीसारखं: स्टॉप बाथ १० सेकंद, १:४ रॅपिड फिक्सरमध्ये ३० सेकंद, वाहत्या पाण्यात दोन मिनिटं. आरसी कागदाला यापेक्षा जास्त भिजवलं की कडा सुटतात.

मीटर काय लपवतो

आयएसओ ६ ला भर उन्हात एफ/१६ वर १/६ सेकंद, एफ/२२ वर १/३, एफ/३२ वर २/३ सेकंद. मोबाइलचं मीटर २५ च्या खाली जात नसेल तर २५ वर मोजा आणि दोन स्टॉप वाढवा.

पण मीटर लाल-पिवळा प्रकाशही मोजतो आणि कागदाला तो दिसत नाही. सकाळी दहा ते दुपारी तीन हिशोब जुळतो. संध्याकाळी प्रकाश पिवळा झाला की मीटर खूष असतो आणि निगेटिव्ह उपाशी. सूर्यास्ताच्या आधीच्या तासात एक-दोन स्टॉप जास्त द्या. साध्या पिवळ्या बल्बखाली आयएसओ १ धरून चाचणी सुरू करा. सावल्या रिकाम्या येण्याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

जवळून काढत असाल तर बेलोजचा हिशोब विसरू नका: बेलोजची लांबी भागिले फोकल लेंग्थ, आणि त्याचा वर्ग. १५० मिमी लेन्स २२५ मिमीवर असेल तर एक्स्पोजर सव्वादोन पट.

होल्डर

८×१० चा कागद चौघडी कापला की बरोबर ४×५ इंच येतो, आणि बरोबर ४×५ होल्डरमध्ये जात नाही. फिल्मचं शीट सुमारे १०० × १२५ मिमी असतं. लांबी आणि रुंदी दोन्हींतून दीड-दोन मिमी काढा. कोंबून बसवलेला कागद मध्ये फुगतो आणि मधला भाग फोकसबाहेर जातो. लेप कुठल्या बाजूला ते अंधारात कळत नसेल तर कागद ज्या बाजूला वळतो ती लेपाची बाजू. पावसाळ्यात हा नियम फसतो, तेव्हा कोपरा ओठाला टेकवून बघा. चिकटतो तो लेप.

कॉन्टॅक्ट प्रिंटमधले दोष

निगेटिव्हचा लेप खाली, प्रिंटच्या कागदाचा लेप वर, त्यावर ५-६ मिमी जाडीची साधी काच, खाली पातळ फोम. उजेड निगेटिव्हच्या पाठीतून जातो, त्यामुळे पाठीवरचं सगळं छापलं जातं. कंपनीचं फिकट नाव छापलेला कागद म्हणूनच निगेटिव्हसाठी घेऊ नये.

तेल किंवा मेण लावून कागद पारदर्शक करायची जुनी युक्ती आरसीवर चालत नाही. दोन्ही अंगांना प्लास्टिकचा थर आहे, तेल आत जाणार कुठून? फायबर (प्लास्टिकचा थर नसलेल्या) कागदावर लिक्विड पॅराफिन छान मुरतं, एक्स्पोजर कमी लागतं आणि धाग्यांची जाळीही पुसट होते. पण फायबर जाड असतो आणि काही होल्डरांत अडकतो.

काळे ठिपके आणि पांढरे ठिपके यांची मुळं वेगळी. प्रिंटवर काळा ठिपका म्हणजे एक्स्पोजरच्या वेळी होल्डरमध्ये धूळ होती. पांढरा ठिपका म्हणजे कॉन्टॅक्टच्या काचेवर किंवा निगेटिव्हच्या पाठीवर. पहिल्यासाठी होल्डर ब्रशने झाडा, दुसऱ्यासाठी काच पुसा.

एवढं करूनही उरलेलं

थोडीशीच दाबलेली सावली पेन्सिलने उचलता येते. आरसी कागदाची पाठ किंचित खरखरीत असते. लाइटबॉक्सवर ठेवून ओसरीच्या भागावर पाठीमागून ४बी पेन्सिलने हलका हात फिरवा आणि कापसाने पसरवा. तिथे प्रकाश अडतो आणि प्रिंटमध्ये तो भाग उजळतो. कडा कागदाच्या जाडीमुळे आपोआप मऊ होतात. तपशील मात्र निगेटिव्हमध्ये असायला हवा; कोऱ्या जागेवर पेन्सिल मारली तर राखाडी भिंत मिळते.

आकाशाचं दुखणं या माध्यमाइतकंच जुनं आहे. १८५५ मध्ये ब्रह्मदेशात कागदी निगेटिव्हवर काम करणाऱ्या लिनियस ट्राइप या छायाचित्रकाराने निगेटिव्हवर रंग लावून ढग चढवले, आणि आजही पद्धत तीच आहे. पिवळ्या फिल्टरने आकाश प्रिंटवर थोडं तरी राखाडी उतरत असेल तर पाठीवर पातळ काळ्या वॉटरकलरने ढगाचा आकार द्या. तेवढा भाग पांढरा येईल. आकाश मुळातच पूर्ण पांढरं छापत असेल तर हा खटाटोप करू नका, पांढऱ्यावर पांढरा ढग दिसत नाही. रंगात डिश सोपचा एक थेंब घाला, नाहीतर प्लास्टिकवर तो गोळे धरतो. आणि रात्रभर वाळू द्या. ओला ढग काचेला चिकटला तर पुढच्या प्रत्येक प्रिंटवर तोच ढग येईल, घराच्या आतल्या फोटोतसुद्धा.